वन्संचं क्रमशः

आमच्या वन्संनी उभ्या जन्मात एकही गोष्ट शेवटपर्यंत सांगितली नव्हती, आणि केवळ या एका गुणाच्या जोरावर त्या लेखिका झाल्या, असं माझं स्पष्ट मत आहे. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. सगळं गणगोत त्यांना आक्का म्हणतं. पण मी लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा 'वन्सं म्हणायचं' असं सासूबाईंनी बजावलं होतं आणि ते मी अजून पाळते, कारण आक्का म्हटलं की त्या माणसावर नीट रागावता येत नाही. तर या वन्सं गुडघा दाखवायला डॉक्टरकडे गेल्या तरी सुरुवात करतात ती 'परवा दिशी गच्चीवर पापड घालाय गेल्ते' इथून. मग पापड येतात, गच्चीची किल्ली येते, किल्ली न देणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या बाई येतात, त्या बाईंच्या सुनेचं माहेर येतं, आणि 'तशी खाली उतरताना तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला, तर काय सांगू डॉक्टर...' इथं आल्यावर वन्सं थांबतात आणि प्यायला पाणी मागतात. डॉक्टर बिचारे तपासायचं सोडून 'मग? मग काय झालं?' असं विचारतात. बाहेर पेशंटांची रांग जिन्यापर्यंत गेलेली असते. एकदा तर त्या इथंच उठल्या आणि 'उरलेलं फुडल्या टायमाला' म्हणून निघाल्या. कम्पाउंडरनं मला वाटेत गाठून विचारलं होतं की त्या पडल्या होत्या की नाही.

ही सवय त्यांना लागली ती मोहोळला. वन्संना तिथं एका किराणा दुकानदाराच्या घरात दिलेलं. वन्संचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे दाजी म्हणत असू, पुड्या बांधायला किलोनं रद्दी आणायचे. त्या रद्दीत जुने दिवाळी अंक असत, पानं सुटलेल्या कादंबऱ्या असत. घरात पुस्तक विकत आणायची पद्धत नव्हती, पण जिऱ्याची पुडी सोडली की वन्सं आधी कागद वाचायच्या, मग जिरं डब्यात भरायच्या. त्यामुळे त्यांनी असंख्य कथा वाचल्या, पण सगळ्या मधल्या. नायिका गच्चीच्या कठड्यापाशी उभी आहे आणि पान संपलं. पुढचं पान साखरेबरोबर दुसऱ्या कुणाच्या घरी गेलेलं. एकदा एका खुनाचा उलगडा समोरच्या घरी हळदीच्या पुडीतून गेला आहे अशी खात्री पटल्यावर त्या तिथं वाटीभर हळद उसनी मागायला गेल्या होत्या, आणि ती पुडीसकट द्या म्हणून अडून बसल्या होत्या. तेव्हापासून त्यांच्या मनात एकच इच्छा होती. आपलं एक पुस्तक असावं, चांगलं शिवलेलं, ज्याचं पान कुणाला फाडता येणार नाही. हे त्यांनी मला एकदा वाटाणे सोलताना सांगितलं होतं आणि मी 'हो का' म्हटलं होतं.

दाजी गेले, दुकान पुतण्यानं घेतलं, आणि वन्सं सोलापुरात आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहायला आल्या. टाळेबंदीच्या दिवसांत मुलानं हैदराबादहून त्यांना मोठा फोन पाठवला. पहिले काही महिने त्या इतरांसारख्याच वागल्या. सकाळी गुलाबाचं फूल, संध्याकाळी समईचं चित्र, मध्ये कोमट पाण्याचे फायदे. मग एका संध्याकाळी सात वाजता त्यांनी आमच्या भिशीच्या ग्रुपवर लिहिलं : 'मोहोळला सुलभा नावाची एक मुलगी होती. ती एके दिवशी माहेरी आली. भावजयीने दार उघडले. तिच्या हातात...' एवढं झालं आणि गॅसवरचं दूध उतू जायला लागलं. वन्संनी घाईघाईनं खाली 'क्रमशः' लिहिलं आणि दुधाकडे धावल्या. तेवढ्यात इकडं ग्रुप पेटला. हातात काय होतं? लाटणं, कोयता, कोर्टाची नोटीस, सुलभाच्याच नवऱ्याचं पत्र, जिला जे सुचेल ते तिनं लिहिलं. आमच्या शेजारीण बाईंनी तर भाजी करपवली. दुसऱ्या दिवशी सातला कळलं की हातात ओलं फडकं होतं. पण तोवर फार उशीर झाला होता, सगळ्या बायका अडकल्या होत्या.

'कडू दोडक्याचा वेल' या नावानं ती कथा तीन वर्षं चालली. भिशीतून फेसबुकवर गेली, तिथून गोष्टी वाचायच्या कुठल्याशा ॲपवर गेली, आणि वाचक हजारांच्या घरात गेले. वन्सं उजव्या हाताच्या एका बोटानं, जिभेचं टोक दातात धरून लिहीत. बोलणाऱ्या वन्सं आणि लिहिणाऱ्या वन्सं या दोन वेगळ्या बायका होत्या. लिहिताना 'सुलभेच्या विशाल नेत्रांतून आसवांचा अभिषेक सुरू झाला' असलं काहीतरी येई. मी एकदा विचारलं, "वन्सं, विशाल नेत्र म्हणजे कसे?"

"म्हंजे मोठं डोळं गं. आपल्या म्हशीचं न्हवतं का?"

"मग तसंच लिहा की."

"यव्वा! तसं कसं? लेखन हाय ते."

कथेतलं हवामान मात्र पक्कं सोलापूरचं असे. आमच्याकडं वीज गेली की सुलभाच्या घरी वीज जाई. टोमॅटो महागले की तिच्याकडचं सार बंद होई. नळाला पाणी येण्याचा दिवस असला तर भाग चार ओळींचा, कारण पाणी भरायचं सोडून वाचायला बसणार कोण? त्या दिवशी सुलभासुद्धा रडणं थांबवून पिंपं भरायची. वन्संची दाढ दुखत होती त्या आठवड्यात कथेतल्या झाडून सगळ्या दुष्ट माणसांच्या दाढा काढल्या गेल्या.

पण खरी गंमत होती ती वाचकांची. वन्संचं राज्य लोकशाहीचं. काय लिहायचं ते वाचक ठरवत. अकलूजच्या एक बाई होत्या, त्या रोज सात वाजून पाच मिनिटांनी प्रतिक्रिया देत आणि सुलभाला थोडं काही लागलं-खुपलं की 'आज आमच्याकडे कुणी जेवलं नाही' असं लिहीत. जेऊरचे एक निवृत्त कंडक्टर होते, ते विजयचे कैवारी. विजय म्हणजे सुलभाचा नवरा. वन्संना त्याचा कंटाळा आला तेव्हा त्यांनी त्याला मोहोळच्या उड्डाणपुलावर स्कूटरवरून पाडला आणि मारला. हाहाकार झाला. कंडक्टरसाहेबांनी लिहिलं, 'ताई, विजयला खाली उतरवू नका. त्याचा स्टॉप अजून आलेला नाही.' वन्सं दिवसभर अस्वस्थ होत्या. संध्याकाळच्या भागात मयताला माणसं जमली, तिरडी बांधून झाली, आणि मग कळलं की तो विजय नव्हेच, त्याची स्कूटर मागून नेलेला दुसराच कोणीतरी. जमलेली माणसं चहा घेऊन परत गेली. त्या दुसऱ्या बिचाऱ्यासाठी एकाही वाचकानं टिपूस गाळलं नाही.

सगळ्यात मोठी पंचाईत झाली ती माझी. कारण कथेतली खलनायिका भावजय, आणि वन्संना भावजय एकच. तिचं नाव प्रमिला. प्रमिला चहा गाळला की गाळणं पातेल्याच्या काठावर खाडकन आपटते, मीही आपटते. प्रमिला लिंबाच्या लोणच्याची बरणी तांदळाच्या डब्यामागं लपवते. माझ्याकडं ती कुठं असते ते मी इथं सांगणार नाही. प्रमिला 'हो का' असं म्हणते की समोरच्या माणसाला आपण का बोललो असं होतं. नात्यातल्या एका लग्नात वन्संनी माझी ओळख करून दिली, "ही आमची भावजय." समोरच्या बाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, कडेवरचं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाल्या, "व्हय का! ह्याच का त्या!" मी घरी येऊन भांडले. वन्सं शांतपणे म्हणाल्या, "ती तू न्हाईस. तुला चष्मा हाय. तिला कुटं हाय?" आठवड्याभरात प्रमिलेला चष्मा लागला. 'आता तरी तिला माणुसकी दिसेल' अशा प्रतिक्रिया आल्या. आमचे हे ती कथा न्हाणीघरात बसून वाचत. आतून हसल्याचा आवाज येई आणि मी दारावर थाप मारली की नळ सोडत.

असं सगळं सुरळीत चालू असताना पुण्याहून फोन आला. एका प्रकाशनाच्या संपादक बाई बोलत होत्या, त्यांच्या आईनं त्यांना ही कथा वाचायला लावली होती. वन्संनी "मी ओटीपी सांगणार न्हाय" म्हणून फोन ठेवला. दुसऱ्यांदा आला तेव्हा "माझं खातंच न्हाय बँकेत" म्हणून ठेवला. तिसऱ्यांदा फोन मी उचलला. महिनाभरानं बाई कुणाच्या तरी साखरपुड्याला सोलापुरात आल्या तेव्हा आमच्याकडं जेवायला आल्या. तोवर वन्संनी सगळे भाग छापून घेतले होते आणि तो गठ्ठा रिक्षातून आणला होता. त्यात 'झाला का सगळ्यांचा चहा?' पासून 'कालच्या भागात अकलूजच्या ताईंना ताप होता, आता कसे वाटते?' पर्यंत सगळं जसंच्या तसं होतं.

संपादक बाई वयानं लहान, पण बोलायला मऊ आणि मुद्द्याला पक्क्या. त्यांनी शेंगांची चटणी दोनदा मागून घेतली आणि मग म्हणाल्या, "ताई, तुमचा विजय तीनदा मरतो."

"दोनदाच," वन्सं म्हणाल्या. "तिसऱ्या खेपेला निस्ता बेशुद्ध पडतोय."

"आणि सुलभा फार रडते."

"पब्लिकला आवडतंय की."

"हो, पण मला पुस्तक हवंय ते प्रमिलाचं. एवढ्या सगळ्या पसाऱ्यात ती एकटीच खरीखुरी बाई आहे. वाचकांनी इतक्या शिव्या दिल्या तरी ती बदलली नाही. बाकीचं काढून टाकू या."

मी आत चहा गाळत होते. गाळणं आपटायचं राहून गेलं.

त्यांच्या अटी तीन. पाचातला एक भाग ठेवायचा, बाकी काढायचं. पुस्तक यायच्या आधी फोनवरची सगळी कथा उतरवून घ्यायची, कारण जे फुकट मिळतं ते विकत कोण घेणार? आणि तिसरी अट, कादंबरीला शेवट हवा. पहिल्या दोन अटी वन्संनी मान हलवून ऐकल्या. तिसरी ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "शेवट म्हंजे?" आणि त्या खरोखरच विचारत होत्या.

ग्रुपवर त्यांनी कथा बंद होत असल्याचं कळवलं तेव्हा दुखवट्याचे संदेश आले. वन्संनी डोळे पुसले, पदर खोचला आणि प्रमिलेला घेऊन बसल्या. पावसाळ्यात त्यांनी पहिली प्रत पुण्याला पाठवली. अठराच दिवसांत परत आली. सगळं छान होतं, पण शेवटच्या पानावर प्रमिला दार उघडते, समोर बघते, आणि खाली 'क्रमशः' लिहिलेलं. वन्संनी 'क्रमशः' खोडलं आणि त्याच्या जागी 'तेवढ्यात फोन वाजला' असं लिहून पुन्हा पाठवलं. तेही परत आलं. या वेळी संपादक बाईंनी मला फोन केला. म्हणाल्या, "दिवाळीपूर्वी शेवट आला नाही तर हे पुस्तक पुढच्या वर्षावर जाईल. आणि खरं सांगू का, पुढच्या वर्षावर गेलेली पुस्तकं बहुतेक तिथंच राहतात." मी हे वन्संना जसंच्या तसं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, आणि वन्सं काही बोलल्या नाहीत म्हटल्यावर मला काळजी वाटायला लागली.

त्या आठवड्यात एकदा संध्याकाळी मी त्यांच्याकडं गेले. वन्सं दिवाणावर बसल्या होत्या, मांडीत फोन, तो बंद. दिवा लावलेला नव्हता. मी दिवा लावला आणि रागानंच म्हटलं, "एवढं मोठं रामायण लिहिलंत, आणि चार ओळी जमत नाहीत? मारून टाका प्रमिलेला. जिल्हाभर साखर वाटतील."

"मरण म्हंजे शेवट न्हवं," वन्सं म्हणाल्या. मग म्हणाल्या, "गोष्ट संपली की माणसं उठून आपापल्या घरला जात्यात गं."

मला वाटलं वाचकांबद्दल बोलताहेत. मी म्हटलं, जाऊ देत की.

"सात वाजता तुझं दाजी दुकान वाढवायचं," त्या म्हणाल्या. "आत यायचं, पाय धुवायचं आन् विचारायचं, काय झालं आज? मी सांगायची. मोहोळात काय होतंय रोज? पर ते निम्म्यात थांबवायची. म्हनायची, ऱ्हायलेलं उद्या. म्हंजे उद्या परत विचारायचं. छत्तीस वर्सं विचारलं बघ त्यांनी. मग ह्ये फोनवरचं लोक विचारत्यात म्हनून बरं चाललं होतं. आता शेवट लिव्हला, तर कोन विचारल?"

मला हे इतक्या वर्षांत कधी कळलं नव्हतं, आणि ऐकून माझे डोळे भरून आले हे लपवण्यात अर्थ नाही. वन्संना पुस्तकही जिवापाड हवं होतं आणि पुस्तक पुरं करायची भीतीही तेवढीच होती. पण मी प्रमिला. मी चष्मा पुसला आणि म्हटलं, "उद्यापासून सातला मी येते. लिहिलेलं मला वाचून दाखवायचं. पण निम्म्यात थांबलात तर मी उठून जाईन."

"तू?" वन्सं म्हणाल्या. "तुझ्याबद्दलच हाय की ते."

"ती मी नाही. मला कथेच्या आधीपासून चष्मा आहे."

मग रोज संध्याकाळी आमची ती शाळा भरायला लागली. वन्सं वाचत, मी शेंगा फोडत ऐकत असे, आणि तिसऱ्या दिवसापासून भांडणं सुरू झाली. प्रमिलेनं नणंदेला शिळी भाकरी वाढली, असं एका प्रकरणात होतं. मी म्हटलं, "ती मुद्दाम वाढणार नाही. ताजी सासऱ्यांसाठी ठेवली असेल, त्यांना दात नाहीत."

"पर हे मला म्हाईत न्हवतं."

"विचारलंत का कधी?"

"प्रमिलाला?"

"प्रमिलालाच."

लोणच्याच्या बरणीवरून आम्ही दोन संध्याकाळी भांडलो. माझं म्हणणं, लपवत नाही, जपते. घरात उठसूट लोणचं मागणारी माणसं असली आणि लिंबं वर्षातून एकदाच येत असली तर काय करायचं तिनं? वन्सं म्हणाल्या, "ती तू न्हाईस म्हनतीस, मग एवढी का तडतडतीस?" मी म्हटलं, कुणाच्या तरी बाजूनं कुणीतरी बोलायला हवं. वन्संनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि एका बोटानं काहीतरी टिपून घेतलं. हळूहळू आसवांचे अभिषेक कमी झाले. विशाल नेत्र गेले, डोळे आले. एक दिवस एक आख्खं प्रकरण असं वाचलं की त्यात कुणीच रडलं नाही, आणि माझ्या शेंगा फोडायच्या राहिल्या. हे आमच्या ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे आता मला हसायला काही नाही का?"

शेवटचं प्रकरण मात्र वन्संनी मला वाचून दाखवलं नाही. दोन दिवस दार लावून बसल्या, तिसऱ्या दिवशी थेट पुण्याला पाठवून मोकळ्या झाल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "शिवून आल्यावर वाच." संपादक बाईंचा मला एका ओळीचा निरोप आला : 'शेवट मिळाला. आता एक अक्षरही बदलणार नाही.' फक्त नाव बदललं. 'कडू दोडक्याचा वेल' हे लांब पडतं म्हणे, म्हणून नुसतं 'वेल' ठेवलं. पुण्याला एका शब्दाचं नाव लागतं. "दोडका गेला तो गेलाच," एवढंच वन्सं म्हणाल्या.

प्रकाशन सोलापुरातच झालं, एका वाचनालयाच्या सभागृहात. खुर्च्या कमी पडल्या. भिशी आख्खी आली होती. अकलूजच्या बाई आल्या, त्या प्रत्यक्षात माझ्या खांद्याएवढ्याच निघाल्या, आणि वन्संना मिठी मारून आधी घरून आणलेले लाडू देऊन मग रडल्या. मला बघून त्यांचा हात डब्याच्या झाकणावर गेला, पण एक लाडू मलाही दिला. वन्संनी नवी इरकल नेसली होती आणि त्या व्यासपीठावर अशा बसल्या होत्या की जणू नवरी मुलगी. भाषणात त्यांना 'दोन शब्द' बोलायला सांगितलं, त्यांनी पापडापासून सुरुवात केली. संपादक बाईंनी हळूच घड्याळ दाखवलं. मग प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि जेऊरचे कंडक्टरसाहेब उभे राहिले. पुस्तक त्यांनी तिथंच बसून चाळलं होतं.

"ताई, मी सगळं पुस्तक बघितलं," ते म्हणाले. "विजय कुटं हाय?"

विजय पुस्तकात कुठंच नव्हता. तीन वर्षं ज्याला मरू दिला नाही त्याला पुण्याच्या कात्रीनं मागं खूणसुद्धा ठेवली नव्हती.

वन्सं म्हणाल्या, "काय करू साहेब, त्याचा स्टॉप आला की हो."

त्यांनीच आधी टाळी वाजवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, भांडी आवरून झाल्यावर, मी पुस्तक उघडलं. मधलं मला पाठ होतं, म्हणून थेट शेवटचं प्रकरण काढलं. प्रसंग साधाच आहे. प्रमिलेच्या घरी बारशाचं जेवण झालेलं आहे. पाहुणे आडवे झालेत, पंगतीतली माणसं सुपारी कातरत बाहेर बसली आहेत. स्वयंपाकघरात प्रमिला एकटी. ती ओट्यापाशी उभी आहे, एका पायावर भार टाकून, दुसरा पाय त्याच्यावर ठेवून, आणि कढईला लागलेली वांग्याची भाजी भाकरीच्या तुकड्यानं पुसून खाते आहे. ताट घेतलेलं नाही. बसलेली नाही. कुणी हाक मारली तर लगेच जाता यावं म्हणून एक कान बाहेर आहे. नणंद पाणी प्यायला आत येते, दारातूनच तिला बघते, आणि पाणी न पिताच माघारी फिरते. एवढंच. खाली 'समाप्त' असं लिहिलेलं.

मी ते परत वाचलं. माझ्या लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं असेल, आमच्या चुलत जाऊबाईंच्या मुलाचं बारसं आमच्याकडं होतं. मी खरंच तशी उभी होते. नंतरही किती वर्षं तशीच उभी राहून जेवले असेन. त्या घरात मला कुणी बघितलं आहे असं मला कधीही वाटलं नव्हतं. मी पुस्तक मिटलं आणि संध्याकाळची वाट न बघता तशीच उन्हात वन्संच्या घरी गेले.

त्या भाकरी थापत होत्या. मी दारातूनच विचारलं, "बघितलं होतंत तर आत का नाही आलात? बस म्हणायला काय झालं होतं?"

वन्संनी तव्यावरची भाकरी उलटली. माझ्याकडं बघितलं नाही.

"मोहोळला मी बी तशीच उबी ऱ्हाऊन खायची," त्या म्हणाल्या. "रोज. मला आपलं वाटायचं, निदान आमच्या माहेरात तरी तसं न्हाय. त्या दिवशी तुला बगितलं आन् लई लाज वाटली गं. बोलायला त्वांडच न्हाय ऱ्हायलं."

भांडायला म्हणून गेले होते, ते जमेना. वन्संनी भाकरी उतरवून गॅस बंद केला, दोन ताटं घेतली आणि जमिनीवर समोरासमोर मांडली. माझं जेवण झालेलं होतं, हे त्यांनाही माहीत होतं. आम्ही दोघी तिथंच मांडी घालून बसलो आणि जेवलो. वन्संनी मला दोनदा वाढलं, आणि दोन्ही वेळा मला नको म्हणायचं सुचलं नाही.